मशीन दोरा खाऊन राह्यली? बॉबिनचा स्क्रू पिळायच्या आधी हे पाहा

कापडावर वरून टाका ठीक दिसतो, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. दोन-चार इंच शिवलं की चाक जड होतं, खट्ट आवाज येतो आणि कापड सुईखालच्या, कापड पुढं सरकवणाऱ्या दातांत अडकून बसतं. मग कात्रीनं जाळं कापायचं, नव्यानं सुरुवात करायची, आणि पुन्हा तेच.

विदर्भातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यातल्या गावांमध्ये मी शिवणक्लास घेते. क्लास संपवून गेलेल्या बायांचे फोन येतात त्यात सगळ्यात जास्त याच रडगाण्याचे. "ताई, मशीन पुन्हा दोरा खाऊन राह्यली. मागच्या बाजाराले मिस्त्री येऊन गेला, चार दिवस चालली, आता पुन्हा तसंच." जून आला की हे फोन वाढतात. आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण गणवेशाची घाई मात्र शेवटच्या आठवड्यातच होते आणि मशीन नेमकी तेव्हाच रुसते.

जवळपास प्रत्येक फोनमध्ये एक गोष्ट आधीच उरकलेली असते. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी (बॉबिन) जिच्यात बसते ती डबी, तिच्यावरचा तो बारीक स्क्रू पिळून झालेला असतो. जाळं खाली आहे म्हणजे दोष खालचाच, असा सरळ हिशेब. पण वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून एकदा शिवून बघा. खालचं जाळं लाल निघेल. म्हणजे खाली जे लोंबतं तो वरचा दोरा असतो, आणि त्याचं कारणही बहुतेक वेळा वरच सापडतं.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की निम्मे फोन करावेच लागणार नाहीत. सुई खाली जाते आणि परत वर यायला लागते तेव्हा तिच्या डोळ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो. बॉबिन केसमागच्या अर्धचंद्रासारख्या शटलचं टोक तो फास पकडतं, मोठा करतं आणि बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. फिरवण्यापुरता बराच दोरा वरून खाली गेलेला असतो. तो परत वर ओढायचं काम मशीनच्या तोंडावर वर-खाली होणाऱ्या दांड्याचं. हा दांडा ओढतो तेव्हा दोरा दोन्हीकडून येऊ शकतो, कापडाकडून किंवा रिळाकडून. टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांनी रिळाकडची बाजू धरून ठेवली असेल तर खालचा फास वर खेचला जातो आणि टाका घट्ट बसतो. चकत्यांनी धरलंच नसेल तर दांडा रिळातूनच नवा दोरा ओढून घेतो. फास खाली तसाच राहतो, पुढच्या टाक्याचा त्यात मिसळतो, आणि पाच-सहा टाक्यांत जाळं तयार.

म्हणून पहिलं काम: वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. "ओवलेलाच आहे बरोबर" हे ऐकून घ्यायचं नाही. दाबपट्टी, म्हणजे कापड दाबणारा फूट, मागच्या दांडीनं वर उचलून ओवा. फूट वर असला की चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या काठावरच राहतो, आणि बघणाऱ्याला मात्र सगळं बरोबर दिसतं. ओवून झालं की फूट खाली टाका आणि सुईजवळचा दोरा हातानं ओढून बघा. दोरा अडकत, ताण देत आला पाहिजे. मग फूट वर करून ओढा, आता तो सहज सुटला पाहिजे. हा फरक हाताला लागला नाही तर दोरा चकत्यांत नाही, किंवा चकत्यांत कचरा आहे. शिवताना फूट खाली टाकायला विसरलं तरी हेच होतं. जाड कापड घातल्यावर फूट खाली आहे की वर ते चटकन दिसत नाही, म्हणून नव्या मुलींचा इथे हमखास घोटाळा होतो. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा निसटलेला असेल तर जाळं आणखी लवकर होतं.

चकत्यांमधला कचरा हा खास आपल्या भागातला विषय आहे. दिवाळीपासून पुढं कापूस घरात येतो. पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढी गंजी, आणि त्याच खोलीत खिडकीशी मशीन, कारण उजेड तिथंच. हवेतले तंतू तेलकट लोखंडावर चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि चकत्यांच्या मध्ये वाळलेल्या सायीसारखा पापुद्रा धरतो. चकत्या मग पूर्ण मिटत नाहीत. टेन्शनचं चाक कितीही फिरवा, ताण येतच नाही. त्यात टाचणी किंवा सुई खुपसू नका, आतला काठ खरवडला तर दोरा कायम तुटत राहील. फूट वर करा, जुन्या सुती धोतराची अरुंद पट्टी दुहेरी घडी करून चकत्यांमधून मागे-पुढे ओढा. काळी रेघ येते ती जाईपर्यंत. कापसाच्या दिवसांत हे आठवड्यातून एकदा तरी हवंच.

तरीही जाळं होत असेल तर सुईकडे या.

सुई स्वस्त आहे आणि तरी आपण ती तुटेपर्यंत वापरतो. टोक बोथट झालेली, किंचित वाकलेली सुई डोळ्याला कळत नाही. काढून काचेच्या तुकड्यावर किंवा मोबाईलच्या बंद पडद्यावर चपट्या बाजूनं हलकेच ठेवा. वाकलेली असेल तर टोकाकडे काच आणि सुई यांच्यातली फट सारखी राहत नाही. टोक तपासायला जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून सुई ओढा, धागा ओढला गेला तर सुई फेकायची. फेकायची म्हणजे उकिरड्यावर नाही. औषधाची रिकामी बाटली मशीनपाशी ठेवा, तुटक्या सुया नि टाचण्या तिच्यात. अंगणात लेकरं आणि कोंबड्या दोन्ही अनवाणी फिरतात.

घरगुती काळ्या मशीनची सुई वरून एका बाजूनं चपटी असते, ती बाजू एकाच तऱ्हेनं बसते. कारखान्यातल्या मशीनची सुई वरून पूर्ण गोल असते. दुकानदार "चालते हो" म्हणून ती देतो, पण ती घरच्या मशीनला लावू नका. सुईवर नख फिरवलं की एका बाजूला लांब खाच लागते. दोरा त्या खाचेच्या बाजूनं ओवायचा. विसरायला झालं तर सुईच्या लगेच वर दोरा अडकवायची जी शेवटची कडी आहे ती बघा. कडी ज्या बाजूला, ओवायचं त्या बाजूनं. उलट बाजूनं ओवलं तर टाके सुटतात, दोरा तुटतो. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळायचा. सुई किंचित जरी खाली राहिली तरी शटलचं टोक फास चुकवतं.

नंबरही बघा. ब्लाऊजपीस, रुबियाला 11, गणवेशाच्या टेरिकॉटला 14, जाड खाकी किंवा जीनला 16, आणि जीनच्या पायाच्या दुमडीवर जिथं कापडाचे पदर एकावर एक येतात तिथं 18. त्या दुमडीवर पायडल मारायचं नाही. हातानं चाक फिरवून सुई एक एक टाका उतरवायची. तिथं जोर लावून मागून कापड ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आदळते आणि तुकडा उडतो. डोळ्याकडे उडालेला तुकडा मी बघितला आहे, नशीब की चष्मा होता.

आता खाली. बॉबिन केस बाहेर काढा. बॉबिनवर दोरा सारखा भरलेला आहे का? एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे खड्डा असेल तर दोरा झटक्यानं सुटतो. काठापर्यंत ठासून भरलेली बॉबिन केसमध्ये घासते. बॉबिन घालून दोऱ्याचं टोक धरा आणि केस हवेत लोंबकळती सोडा. आपोआप सरसर खाली गेली तर सैल. हाताला हलका झटका दिल्यावर थोडी सरकून थांबली तर ठीक. झटका देऊनही हलत नसेल तर जास्त घट्ट. हे बघितल्यावरच स्क्रूला हात लावायचा, तोही अगदी पाव फेऱ्याहून कमी, आणि आधी स्केचपेननं स्क्रूच्या खाचेची दिशा केसवर खूण करून. खूण असली की परत यायला रस्ता राहतो. हा स्क्रू एवढासा असतो की शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला तर सापडत नाही, म्हणून ताटात धरून काम करा.

उलट लक्षणही सांगून ठेवते. कापडाच्या वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्या-ठिपक्यांनी दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा कमी. तिथं आधी वरचं टेन्शन थोडं सैल करायचं.

केस परत घालताना तिचं शिंग समोरच्या खाचेत बसून टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर पहिल्याच टाक्याला सुई केसवर आपटते.

महिन्यातून एकदा शटल बाहेर काढून साफ करा. भीती वाटते, पण काळ्या मशीनवर ते सोपं आहे. सुई वर घ्या, पट्टा चाकावरून उतरवा, म्हणजे चुकून पाय पडला तरी काही हलणार नाही. केस काढा. मागे गोल कड्याला दोन्ही बाजूंना खिट्ट्या आहेत, त्या बाहेर वळवल्या की कडं सुटतं आणि त्याच्यामागून अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बसवताना तोच कामी येतो. आत दोऱ्याचे तुकडे असतात, कधी एखादा आत गुंडाळून बसलेला असतो आणि तेवढ्यानंच मशीन जड चालते. कोंबडीच्या पिसानं किंवा जुन्या दातांच्या ब्रशनं झाडा. तोंडानं फुंकू नका, थुंकीची ओल लोखंडाला लागते.

प्लेटचे दोन स्क्रू काढून दातांच्या खालचा भागही बघा. कापूस, टेरिकॉटचा भुगा आणि तेल मिळून तिथं घोंगडीसारखा घट्ट थर बसतो. दात पुरेसे वर येत नाहीत, कापड पुढं सरकत नाही, सुई एकाच जागी टोचत राहते आणि मग गोळा होतो. हा थर निघाल्यावर मशीनचा आवाजच बदलतो.

प्लेटच्या भोकाला किंवा शटलच्या टोकाला बारीक खरवड आली असेल तर दोरा तिथं अडकून तुटतो. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कधी लागते कधी नाही. घरात कापूस आहेच. चिमूटभर घेऊन त्या काठावरून फिरवा, जिथं तंतू अडकेल तिथं खरवड आहे. सगळ्यात बारीक पॉलिश पेपरनं दोन-चार वेळा हलके घासा. शटलच्या टोकाला मात्र स्वतः घासू नका, ते मिस्त्रीचं काम.

तेलाबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथं मी भांडते. घरातलं कुठलंही तेल मशीनला घालायचं नाही. आपल्याकडे जवस पिकतो, जवसाचं तेल घरात असतं, आणि "बैलगाडीच्या आखाला चालते मग मशीनले काहून नाही?" हा प्रश्न मला विचारतात. जवसाचं तेल हवेत सुकून कडक थर धरतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. मशीनमध्ये गेलं की काही आठवड्यांत सांधे चिकटतात. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कितीतरी खाली जातो. सकाळी मशीन हलत नाही, दुपारी चालते, असं सांगणारी बाई दिसली की मी आधी खोबरेलाची बाटली मागते. शिलाई मशीनचं पातळ पांढरं तेलच घाला. रोज शिवत असाल तर शटलच्या वाटेवर रोज एक थेंब, बाकी भोकांत आठवड्याला एक-एक. मग दोरा न ओवता चिंधीवर चालवून जादा तेल काढून टाका, नाहीतर पहिला डाग पांढऱ्या शर्टावर. मे महिन्यात तेल लवकर सुकतं, थोडं लवकर घाला. पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा मशीन फिरवा, म्हणजे गंज धरत नाही.

चिकटून बसलेली मशीन सोडवायला बरेच जण रॉकेल किंवा पेट्रोल घालतात. घालायचंच असेल तर थोडं रॉकेल, तेही दार-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून आणि उदबत्तीपासून लांब, मोटरचं प्लग काढून. घाण सुटली की पुसून लगेच मशीनचं तेल. रॉकेलनं सुकं पडलेलं लोखंड लोखंडाला घासतं. पेट्रोल घरात नकोच.

नव्यानं शिकणारीच्या मशीनमध्ये वरचं सगळं ठीक असून जाळं होत असेल तर दोष पायांत असतो. काळी मशीन एकाच दिशेनं चालते, चाकाचा वरचा भाग आपल्याकडे आला पाहिजे. सुरुवातीला पाय उलट पडतात, चाक मागे फिरतं, आणि उलट्या फेरीत शटल दोरा गुंडाळून टाकतं. उजव्या हातानं चाक आपल्याकडे ओढून मगच पायडलला जोर द्यायचा. चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केला की सुई थांबते आणि चाक नुसतं फिरतं. तसं करून सलग सुलट फेरी जमेपर्यंत पायडल मारा. मग सुईत दोरा न घालता वहीच्या जुन्या पानावर रेघेवरून चालवा. कागदावर भोकांची रांग सरळ आली की दोरा ओवा. सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं फूटच्या मागे बोटानं धरून ठेवायची, नाहीतर ती खाली ओढली जाऊन पहिल्याच इंचात गोळा होतो.

पट्टा सैल असला की चाक निसटतं आणि टाके लहान-मोठे पडतात. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात ढिला पडतो, अर्धा इंच कापून पुन्हा तारेनं जोडला की झालं. चाक फिरत असताना पट्टा चढवायचा नाही. बोट पट्टा आणि चाकाच्या मध्ये गेलं की नखासकट जातं. पदर खोचून, ओढणी मागे बांधून, वेणी वर घेऊन बसा. उठताना पट्टा उतरवून ठेवण्याची सवय लावून घ्या. लेकराला पायडल म्हणजे पाळणाच वाटतो.

हल्ली गावात मोटरच्या मशिनी वाढल्या आहेत. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, त्यातूनही काही घरी मशीन आली. पायानं चालवायची सवय असलेल्या बाईला मोटरचा वेग पहिल्यांदा झेपत नाही. पायाच्या कंट्रोलवर टाच जमिनीला टेकवून फक्त चवड्यानं हलकं दाबा. सुईत दोरा ओवताना, सुई बदलताना, शटल काढताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही. गेली की आधी बटण बंद करा. नाहीतर पाय कंट्रोलवर, बोट सुईखाली, आणि लाईट येते.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याला "थोडा करंट आहे, काही होत नाही" म्हणू नका. बहुतेक वेळा दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, किंवा उंदरांनी वायर कुरतडलेली. ओल्या सारवणावर अनवाणी पायानं बसलं की तोच थोडा करंट जीव घेऊ शकतो. मोटर लगेच बंद करून वायरमनला दाखवा, तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग करून घ्या, जमलं तर बोर्डावर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईट तोडणारं बटण, बसवा. तोवर पायडल आहेच. पायांखाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई ठेवा, पण त्यानं अर्थिंगची गरज संपत नाही.

सुई बोटात गेली तर हात झटकू नका, तुकडा आत मोडतो. मोटर असेल तर प्लग काढायला लावा, चाक हातानं सावकाश फिरवून सुई वर घ्या. बाहेर आल्यावर सुईचं टोक शाबूत आहे का ते बघा. नसेल तर हाताला हळद-चुना लावून बसू नका, सुईसकट दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

इतकं सगळं करून नवी सुई, साफ शटल आणि चांगला दोरा असतानाही टाके सुटत असतील, किंवा सुई प्रत्येक फेरीत प्लेटला घासत असेल, तर सुईदांडा सरकला आहे किंवा शटलची वेळ चुकली आहे. दांड्याचा स्क्रू अंदाजानं सैल करू नका, तो मिस्त्रीलाच लावू द्या. त्याला बोलावलं की नुसतं "चालत नाही" सांगू नका. जाळं झालेल्या कापडाचा तुकडा न कापता तसाच ठेवा, त्यात तुमचाच दोरा वर-खाली वेगळ्या रंगाचा असू द्या, आणि सुईची पुडी दाखवा, म्हणजे तो त्याच सुईवर दांडा बसवील. तो गेल्यावर नाही, तो समोर असतानाच तुमच्या हातानं गणवेशाच्या कापडाचे चार पदर शिवून बघा.